व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा : आधी अंतराळवीर की आधी राजकारणी?

पैलतीर (धागालेखक)

१० मार्च २०२० रोजी रशियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे स्टेट ड्यूमात, घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या वाचनावर चर्चा चालू होती. त्या वेळी चारच दिवसांपूर्वी ८३ वर्षे पूर्ण केलेल्या एक सदस्या बोलायला उभ्या राहिल्या. अध्यक्षाने किती वेळा निवडून यावे यावरची मर्यादा एक तर काढूनच टाकावी, किंवा सुधारित घटना लागू होताना विद्यमान अध्यक्षाच्या आधीच्या कारकिर्दी हिशेबात धरू नयेत, असे त्यांनी सुचवले. थोड्याच वेळात व्लादिमीर पुतिन स्वतः सभागृहात आले. त्यांनी पहिला पर्याय नाकारला आणि घटना न्यायालयाची हरकत नसेल तर दुसरा आपल्याला मान्य आहे, असे सांगितले. दुरुस्ती ३८० विरुद्ध ४४ मतांनी संमत झाली. रशियात या प्रकाराला ‘ओब्नुलेनिये’, म्हणजे शून्यावर आणणे, असे नाव पडले. आपण त्याला पाटी कोरी करणे म्हणू.

या सदस्या म्हणजे व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा, अंतराळात गेलेली जगातील पहिली स्त्री. त्या दिवसानंतर एवढ्या मोठ्या बाईंनी आपले नाव अशा कामाला का दिले असेल, हा प्रश्न रशियात आणि रशियाबाहेर अनेकांनी विचारला. मलाही तो पडला होता. त्यांचे चरित्र सुरुवातीपासून पुन्हा वाचल्यावर मात्र माझे मत बदलले. आपण ‘अंतराळवीर आणि मग राजकारणी’ असा क्रम गृहीत धरतो, तोच मुळात चुकीचा आहे असे मला वाटते.

तेरेश्कोव्हा यांचा जन्म ६ मार्च १९३७ रोजी यारोस्लाव्ह प्रांतातील बोल्शोये मास्लेन्निकोवो या खेड्यात झाला. वडील ट्रॅक्टर चालवत. फिनलंडबरोबरच्या युद्धात ते मारले गेले, तेव्हा व्हॅलेंटिना जेमतेम दोन-तीन वर्षांच्या होत्या. आई तीन मुलांना घेऊन यारोस्लाव्ह शहरात आली आणि कापड गिरणीत लागली. व्हॅलेंटिना आधी टायरच्या कारखान्यात आणि नंतर ‘क्रास्नी पेरेकोप’ या गिरणीत कामाला होत्या. नोकरी करतच त्यांनी संध्याकाळची शाळा आणि पुढे तंत्रनिकेतनाचे शिक्षण पूर्ण केले. १९५९ मध्ये त्यांनी स्थानिक हवाई क्लबात पॅराशूटची पहिली उडी घेतली. १९६० मध्ये त्या गिरणीतील कोम्सोमोल समितीच्या, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेच्या, सचिव झाल्या. माझ्या मते त्यांची राजकीय कारकीर्द इथेच सुरू झाली. अंतराळवीरांच्या तुकडीत त्यांची निवड त्यानंतर, १९६२ च्या वसंतात झाली आणि त्याच वर्षी त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यही झाल्या.

वडील युद्धात कामी आलेले, आई गिरणी कामगार, मुलगी स्वतः कामगार आणि पक्षाची कार्यकर्ती. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांच्या काळात एखाद्या समितीने कागदावर आदर्श सोव्हिएत स्त्री रेखाटली असती, तर ती अशीच दिसली असती. तुकडीचे प्रशिक्षणप्रमुख निकोलाय कामानिन यांनी आपल्या दैनंदिनीत त्यांना ‘स्कर्टमधला गागारिन’ म्हटले आहे. ही दैनंदिनी सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर प्रसिद्ध झाली. ‘स्कर्टमधला गागारिन’ ही वैमानिकाची पात्रता नव्हे. जगापुढे ज्याचा चेहरा न्यायचा, त्याची ती पात्रता आहे.

जाणकारांनी यावर लिहावे, ही विनंती.

अक्षांश

धागा आवडला, मात्र एका धोक्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. निवड राजकीय होती हे मान्य केले तरी उड्डाण राजकीय नव्हते. रॉकेटला पक्षाचे सदस्यत्व कळत नाही.

पॅराशूटचा मुद्दाही केवळ छंद म्हणून पाहू नये. तेरेश्कोव्हा ज्यातून गेल्या त्या व्होस्तोक यानाच्या गोलाला जमिनीवर अलगद उतरण्याची सोय नव्हती. त्यामुळे सुमारे सात किलोमीटर उंचीवर आसनासकट बाहेर फेकले जायचे आणि आपल्या पॅराशूटने वेगळे उतरायचे, अशी रचना होती. (गागारिनही असेच उतरले होते, पण वैमानिक यानासकट उतरला पाहिजे असा विक्रमांच्या नोंदीचा नियम असल्याने सोव्हिएत संघाने हे बरीच वर्षे लपवून ठेवले.) यानाचे बहुतेक काम स्वयंचलित यंत्रणा करत असल्यामुळे, वैमानिकापेक्षा पॅराशूट वापरणाऱ्या मुली शोधणे हा त्या काळी तांत्रिकदृष्ट्याही समंजस निर्णय होता.

१४ जून १९६३ रोजी व्हॅलेरी बिकोव्हस्की व्होस्तोक-५ मधून निघाले आणि १६ जूनला बायकोनूरहून व्होस्तोक-६ सुटले. तेरेश्कोव्हा यांचे संपर्कनाम ‘चायका’ होते. चायका म्हणजे सीगल, समुद्रपक्षी. एका क्षणी दोन्ही यानांमध्ये सुमारे पाच किलोमीटरच अंतर होते, पण ती जवळीक प्रक्षेपणाच्या अचूक गणितामुळे आली होती. यानांना एकमेकांकडे वळण्याची क्षमता नव्हती. मूळ बेत एका दिवसाचा होता, तो वाढवून तीन दिवसांचा करण्यात आला. ७० तास ५० मिनिटे आणि ४८ प्रदक्षिणा. तोवर अमेरिकेच्या सर्व अंतराळवीरांचे मिळूनही एवढे तास झाले नव्हते. हेल्मेट आणि पट्टे बांधलेल्या अवस्थेत त्या अरुंद गोलात तीन दिवस बसून राहायचे होते. मळमळ झाली, पायाला कळा आल्या. एकटीने यान घेऊन गेलेली दुसरी स्त्री आजपर्यंत झालेली नाही.

यानाच्या दिशेचाही एक घोटाळा झाला होता. परतीच्या वेळी यान खाली येण्याऐवजी वरच्या कक्षेत जाईल, अशी मांडणी यंत्रणेत झाली होती. तेरेश्कोव्हा यांच्या सांगण्यानुसार ही चूक त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती कळवली. मग जमिनीवरून नवे आकडे पाठवण्यात आले आणि त्यांनी ते यंत्रणेत भरले. मुख्य रचनाकार सर्गेई कोरोल्योव्ह यांनी याविषयी कुणाजवळ बोलू नकोस असे सांगितले आणि तीस वर्षांहून अधिक काळ त्या बोलल्या नाहीत. दरम्यान हाताने यान वळवण्याची कामे यांना नीट जमली नाहीत, असा बोभाटा आतल्या गोटात होत राहिला. तो त्यांनी निमूटपणे सहन केला.

रेवा

अक्षांश यांच्या शेवटच्या परिच्छेदाकडे मी नंतर येईन, कारण माझ्या मते या धाग्याचे मर्म तिथेच आहे. त्याआधी स्त्रियांच्या त्या तुकडीतील उरलेल्या चौघींची नावे इथे यायला हवीत : इरिना सोलोव्योव्हा, व्हॅलेंटिना पोनोमार्योव्हा, तात्याना कुझनेत्सोव्हा आणि झान्ना योर्किना. या चौघींची नावे सोव्हिएत सरकारने दोन दशकांहून अधिक काळ जाहीरच केली नाहीत.

पोनोमार्योव्हा मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेतून शिकलेल्या अभियंता होत्या, विमान चालवत होत्या आणि गणिताच्या क्षेत्रात काम करत होत्या. तांत्रिक तयारीत त्या पुढे होत्या, असे त्या वेळच्या नोंदींवरून दिसते. सोलोव्योव्हा अभियंता होत्या आणि पॅराशूटच्या शेकडो उड्या त्यांच्या नावावर होत्या. निवड झाली ती गिरणीतल्या मुलीची. सोलोव्योव्हा तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या राखीव अंतराळवीर ठरल्या. पोनोमार्योव्हा यांना लहान मूल होते, त्या सिगारेट ओढत आणि आपली मते लपवत नसत. कामानिन यांना ते खटकत असे, हे त्यांच्या दैनंदिनीतून कळते. मुलींच्या स्थळांच्या चौकशीत ‘स्वभावाने कशी आहे?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्याची मला इथे आठवण झाली.

ही तुकडी मुळात उभी राहिली ती अमेरिका एखादी स्त्री आधी पाठवील या धास्तीने. पहिली स्त्री अमेरिकन निघाली तर तो सोव्हिएत स्त्रियांच्या देशाभिमानाला धक्का ठरेल, असे कामानिन यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात अमेरिकेची तशी तयारी नव्हती. १९६२ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे जॉन ग्लेन यांनी, स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे, अशा अर्थाची साक्ष दिली होती. तेच ग्लेन पुढे चोवीस वर्षे सिनेटर होते. अंतराळातून राजकारणात जाण्याची वाट केवळ रशियन नाही, हे लक्षात यावे म्हणून हा उल्लेख केला.

एकदा पहिलेपण पदरात पडल्यावर घाई संपली. उरलेल्या चौघींपैकी एकीलाही उड्डाण मिळाले नाही आणि १९६९ मध्ये तुकडी विसर्जित झाली. अंतराळात जाणारी पुढची स्त्री १९८२ साली गेली, म्हणजे मध्ये एकोणीस वर्षे गेली.

जुना वाचक

१९६३ मध्ये मी शाळेत होतो. सोव्हिएत दूतावासाचे मराठीतून निघणारे गुळगुळीत कागदाचे नियतकालिक आमच्या शेजाऱ्यांकडे येत असे आणि वाचून झाले की त्याची पाने आम्हा मुलांच्या वह्यापुस्तकांना कव्हरे म्हणून लागत. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर वर्षभर तेरेश्कोव्हा होत्या. पैलतीर म्हणतात तो ‘जगापुढे न्यायचा चेहरा’ किती लांबवर पोहोचला होता, त्याचे हे घरगुती उदाहरण समजावे.

३ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचा विवाह आंद्रियान निकोलायेव या अंतराळवीराशी मॉस्कोत झाला. क्रुश्चेव्ह लग्नाला हजर होते. लगेच नवदांपत्य आणि बिकोव्हस्की परदेश दौऱ्यावर निघाले. त्यात ते भारतातही आले आणि दिल्लीत पंडित नेहरूंना भेटले. पुढच्या जूनमध्ये मुलगी झाली. आई आणि वडील दोघेही अंतराळात जाऊन आलेले असे ते जगातले पहिले मूल होते, त्यामुळे डॉक्टरांनाही तिच्या प्रकृतीविषयी कुतूहल होते. हा संसार टिकला नाही, १९८२ मध्ये घटस्फोट झाला. नंतर त्यांनी युली शापोश्निकोव्ह या डॉक्टरांशी लग्न केले.

मला अधिक लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. उड्डाणाला जाताना त्यांनी आईला पॅराशूटच्या कार्यक्रमासाठी जात असल्याचे सांगितले होते. लेक अंतराळात असल्याचे त्या माऊलीला सरकारी बातम्यांतून कळले. अल्ताई भागात उतरल्यावर तेरेश्कोव्हा यांनी आपल्याजवळचे अंतराळातले अन्न भोवती जमलेल्या गावकऱ्यांना वाटून टाकले आणि स्वतः त्यांच्याकडचे खाल्ले. त्यामुळे त्यांनी किती खाल्ले आणि किती उरले, हा डॉक्टरांचा हिशेब बिघडला आणि बोलणी खावी लागली. खेड्यातली मुलगी भुकेल्या पोटी दुसरे काय करणार?

कृष्णाकाठ

पैलतीर यांच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. ‘राजकारण’ हा शब्द आपण निवडणूक, विरोधक, सभागृहातील गदारोळ अशा अर्थाने वापरतो. १९६६ मध्ये तेरेश्कोव्हा सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे सोव्हिएत संसदेच्या, सदस्य झाल्या, तेव्हा तिथे यांतले काहीच नव्हते. एका जागेला एकच उमेदवार असे, अधिवेशन वर्षातून काही दिवस भरे आणि ठराव एकमताने संमत होत. १९७१ पासून त्या पक्षाच्या केंद्रीय समितीवर होत्या आणि १९७४ ते १९८९ या काळात सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळावर. ही पदे भारदस्त होती. धोरण मात्र पॉलिटब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांच्या छोट्या मंडळात, ठरत होते.

खरे काम होते ते सोव्हिएत महिला समितीचे. १९६८ ते १९८७, अशी एकोणीस वर्षे त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. १९७५ मध्ये मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद भरली, तेव्हा सोव्हिएत शिष्टमंडळाच्या प्रमुख त्याच होत्या. आफ्रिका-आशियातील नव्या देशांत त्यांनी असंख्य दौरे केले. मध्यंतरी त्या झुकोव्हस्की वायुसेना अभियांत्रिकी अकादमीतून पदवीधर झाल्या आणि पुढे तांत्रिक विषयात संशोधन पदवीही मिळवली, याचा उल्लेख क्वचितच होतो.

पुन्हा उडण्याची त्यांची इच्छा होती. पण १९६८ मध्ये गागारिन विमान अपघातात गेले आणि असे राष्ट्रीय प्रतीक पुन्हा धोक्यात घालायला सरकार धजावले नाही. जमिनीवरचे आयुष्य तरी सुरक्षित होते असे नाही. २२ जानेवारी १९६९ रोजी क्रेमलिनच्या दाराशी व्हिक्टर इलिन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांची समजून ज्या मोटारीवर गोळ्या झाडल्या, तिच्यात अंतराळवीर लिओनोव्ह, बेरेगोवोय, निकोलायेव आणि तेरेश्कोव्हा बसले होते. चालकाचा जीव गेला. बाकीचे वाचले.

अक्षांश

तुलनेसाठी अंतराळात गेलेल्या दुसऱ्या स्त्रीकडे, स्वेतलाना साव्हित्स्काया यांच्याकडे, पाहावे. त्या वायुदलाच्या मार्शलच्या कन्या. १९७० मध्ये त्या विमान कसरतींच्या जागतिक स्पर्धेत विजेत्या ठरल्या आणि पुढे चाचणी वैमानिक झाल्या. १९८२ मध्ये त्या साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर पोहोचल्या, तेव्हा तिथल्या अंतराळवीराने त्यांच्यापुढे एप्रन धरून स्वयंपाकघर आता तुमचे, असा विनोद केला होता. दोन वर्षांनी, २५ जुलै १९८४ रोजी, त्याच स्थानकाबाहेर साडेतीन तास राहून त्यांनी धातू कापण्याचे आणि वेल्डिंगचे काम केले. अंतराळात चाललेली ती पहिली स्त्री. राकेश शर्मा त्याच वर्षी एप्रिलमध्ये ज्या साल्युत-७ वर राहून आले आणि ज्या तिघांबरोबर राहिले, ते स्थानक आणि ते तिघेही साव्हित्स्काया यांना भेटले होते. मधल्या काळात स्थानकावरील मुक्कामी चमू बदलला नव्हता.

साव्हित्स्काया १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कम्युनिस्ट पक्षातर्फे ड्यूमात आहेत. हाताशी स्वतंत्र व्यवसाय आणि कौशल्य असलेली स्त्रीसुद्धा त्याच सभागृहात पोहोचली. त्यामुळे गिरणी कामगार मुलगी पक्षाने घडवली म्हणून ती राजकारणात गेली, हे सरळसोट कारण मला पटत नाही. पृथ्वीला दुसऱ्या क्रमांकावर प्रदक्षिणा घालणारे गेर्मान तितोव्हही कम्युनिस्ट पक्षातर्फे ड्यूमात होते आणि व्हिताली सेवास्त्यानोव्हही. युरी बातुरिन यांनी तर गंगा उलटी वाहवली : ते रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांचे सहायक होते आणि १९९८ मध्ये अंतराळवीर म्हणून मीर स्थानकावर गेले.

पैलतीर

अक्षांश यांचे उदाहरण रास्त आहे, पण ते माझ्याच बाजूने जाते असे वाटते. साव्हित्स्काया हरलेल्या पक्षाबरोबर राहिल्या. तेरेश्कोव्हा जे सरकार असेल त्याच्याबरोबर राहिल्या. १९८७ पासून त्या परदेशांशी मैत्री वाढवणाऱ्या संस्थांच्या संघाच्या प्रमुख होत्या. सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तरी १९९४ ते २००४ या काळात त्या साधारण तशाच कामाच्या रशियन केंद्राच्या प्रमुख होत्या. १९९५ मध्ये त्यांना वायुदलात मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. देश, झेंडा, राज्यघटना आणि अर्थव्यवस्था एवढे सगळे बदलले, तरी बाईंच्या दिनक्रमात फारसा फरक पडला नसावा.

खुल्या निवडणुकीत मात्र सुरुवातीला अपयश आले. २००३ मध्ये त्या एका छोट्या पक्षाच्या यादीतून ड्यूमासाठी उभ्या राहिल्या आणि तो पक्ष प्रवेशासाठी लागणाऱ्या पाच टक्के मतांच्या जवळपासही फिरकला नाही. २००८ मध्ये सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’कडून त्या यारोस्लाव्हच्या प्रांतिक सभागृहात आल्या आणि २०११ पासून स्टेट ड्यूमात आहेत. त्याच २०११ मध्ये यारोस्लाव्हमध्ये त्यांच्या नावाचे तारांगण उघडले. नाव तेच होते आणि मतदारही तेच. २००३ आणि २०११ यांत फरक पडला तो पक्षाचा.

आता २०२० कडे पाहा. तो प्रस्ताव कुठल्याही सदस्याला मांडता आला असता. तो त्यांनी मांडला, कारण सभागृहात ज्यांच्यावर टीका करताना विरोधकाचीही जीभ अडखळेल अशी व्यक्ती हवी होती. १९६२ मध्ये निवड करणाऱ्यांनी जे पाहिले होते, तेच २०२० मध्येही पाहिले गेले. जीभ अर्थात फार काळ अडखळली नाही. त्यांच्या नावाचे रस्ते बदला, अशा मागण्या झाल्या. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये अमेरिकेने ड्यूमाच्या शेकडो सदस्यांवर निर्बंध घातले, त्यांत त्यांचेही नाव आहे.

रेवा

पैलतीर, तुमच्या मांडणीत तेरेश्कोव्हा ही एक सोंगटी होऊन बसते, इतरांनी हलवायची. हे मला मान्य नाही. पोनोमार्योव्हा यांनाही तीच व्यवस्था लाभली होती, तरी त्यांनी कामानिन यांच्यापुढे मते गिळली नाहीत आणि त्याची किंमत मोजली. म्हणजे निवडीला थोडीफार जागा होती.

अक्षांश यांनी सांगितलेली कोरोल्योव्ह यांची गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. जिच्यामुळे आपला जीव गेला असता अशी चूक दुसऱ्या कुणाकडून तरी झालेली आहे, आणि तिच्याविषयी बोलल्यास आपल्यावरचा ठपका पुसला जाईल हेही दिसते आहे. तरीही वडीलधाऱ्या माणसाने गप्प राहा म्हटले म्हणून त्या तीन दशके गप्प राहिल्या. कोरोल्योव्ह १९६६ मध्येच वारले होते. त्यांच्यानंतर हा शब्द पाळण्याची सक्ती कुणीही केली नव्हती. मी त्याला त्यांचा स्वतःचा निर्णय मानते आणि २०२० च्या भाषणालाही. त्या सभागृहात त्या अनिच्छेने उभ्या राहिल्या असतील, असे मानायला मला आधार दिसत नाही. जे मिळाले ते या राज्याने दिले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असू शकते आणि वडिलांविना वाढलेल्या, टायरच्या कारखान्यातून निघालेल्या मुलीसाठी ती खोटीही नाही.

जुना वाचक

रेवा यांचे म्हणणे मला पटते, मात्र त्यातून बाईंची सुटका होत नाही, हेही नमूद करतो. प्रामाणिकपणे केलेल्या गोष्टीचेही परिणाम होतात. सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्या म्हणाल्या होत्या की मंगळावर जायला मिळाले तर परतीचा प्रवास नसला तरी मी निघेन. तेव्हा मला ते फार भावले होते. आज वाचताना, परतीचा प्रवास न ठेवण्याची त्यांची तयारी जुनीच होती असे वाटते.

कृष्णाकाठ

मतांच्या आकड्याबाबत थोडी भर घालतो. ३८० विरुद्ध ४४ हे मतदान १० मार्चला फक्त तेरेश्कोव्हा यांच्या दुरुस्तीवर झाले. दुसऱ्या दिवशी संपूर्ण विधेयकाचे तिसरे वाचन झाले, तेव्हा बाजूने ३८३ मते पडली, विरोधात एकही नाही आणि ४३ सदस्य तटस्थ राहिले. एका रात्रीत विरोधाचे तटस्थतेत रूपांतर झाले. १६ मार्चला घटना न्यायालयाने हरकत नसल्याचे कळवले, १ जुलैला संपलेल्या सार्वमतात अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ७८ टक्के मते बाजूने पडली आणि मार्च २०२४ मध्ये पुतिन पुन्हा निवडून आले. कोऱ्या पाटीवर २०३६ पर्यंतची जागा आहे.